हूक लावू नये

माझ्या माहेरी पुस्तके नव्हती. वाचायला मात्र पुष्कळ होते. मागच्या दाराचा पडदा, पावसात डोक्यावरून घ्यायची खोळ, भाकरी करताना आई खाली घेई ते बसकर, आजीच्या शेळीला केलेला आडोसा आणि माझे शाळेचे दप्तर, या सगळ्या वस्तू एकाच कापडाच्या होत्या, आणि ते कापड म्हणजे युरियाचे रिकामे पोते. आण्णा खताच्या गोदामात हमाल होते. फाटके पोते घरी न्यायला मुकादमाची हरकत नसे, आणि धड पोते फाटायला फारसा वेळ लागत नसे. तेव्हा मी जी अक्षरे पहिल्याने ओळखली ती पाटीवरची नव्हेत, पोत्यावरची. आईच्या मांडीवर डोके ठेवले की समोर पडद्यावर 'यूरिया' दिसे; वाऱ्याने पडदा हलला की शेवटचा 'या' घडीत जाई आणि नुसता 'यूरि' उरे. त्याच्याखाली नायट्रोजन ४६ टक्के, त्याखाली निव्वळ वजन ५० किलो, आणि सर्वांत खाली हिंदीत आणि इंग्रजीत एक सूचना.

आण्णांना वाचता येत नसे. पण पोत्यावर काय काय छापले आहे ते त्यांना तोंडपाठ होते. त्या सूचनेचे 'हूक लावू नये' हे मराठी त्यांनीच मला सांगितले, आणि शाळेत जाण्याआधी मी पहिले वाक्य वाचायला शिकले ते हे. ज्वारीच्या तागाच्या पोत्याला हमाल लोखंडी हूक अडकवतो आणि एका हिसक्याने ते पाठीवर घेतो. युरियाच्या पोत्याला तसे करून चालत नाही. प्लॅस्टिकच्या विणीच्या आत त्याला हवा लागू नये म्हणून केलेले अस्तर असते. हुकाने त्याला भोक पडले की दमट हवा आत जाते, युरिया ती हवेतली ओल ओढून घेतो, आधी ओलसर होतो आणि मग धरून दगड होतो. म्हणून हे पोते नुसत्या बोटांनी, कान धरून उचलायचे. गुळगुळीत, धूळ बसलेले, घामाने निसटणारे ५० किलो. आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत; ती पोत्याचा कान धरल्यासारखी वाकलेली असतात. पोत्यावर जेवढे म्हणून छापलेले आहे ते पोत्याच्या काळजीने छापलेले आहे, उचलणाऱ्याच्या काळजीचे अक्षर त्यात नाही, हे लक्षात यायला मात्र मला चाळिशी गाठावी लागली.

माझे शिक्षण दहावीपर्यंत. आण्णा त्याला मॅट्रिक म्हणतात, कारण त्या शब्दाला वजन आहे असे त्यांना वाटते. मी बालवाडीत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. दोन छापून आल्या, तिसरी प्रकाशकाकडे थप्पीला लागली आहे. यातले काहीच आण्णांनी वाचलेले नाही. पण 'माझ्या पोरीनं पोत्यावर बघून बुकं लिवली' असे ते मिरजेच्या दवाखान्यात शेजारच्या माणसाला सांगतात आणि मी खिडकीबाहेर पाहू लागते.

लहानपणी मला वाघिणीची फार भीती वाटे. रात्री-अपरात्री मुकादमाचा पोरगा दारावर थाप मारून ओरडे, "आण्णा, वाघिणी लागल्या!" आणि आण्णा अंथरुणातून उठून, डोक्याला पंचा गुंडाळून अंधारात चालू लागत. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात रात्री बिबट्या येतो हे ठाऊक होते, तेव्हा स्टेशनावर वाघिणी येऊन बसतात आणि माझे वडील त्यांच्याशी काहीतरी करायला जातात, अशी माझी समजूत. ते सकाळी परत येत तेव्हा डोळे लाल झालेले असत, मानेवर चट्टे उठलेले असत. मला वाटे, झटापट झालेली दिसते.

पुढे हिशेब यायला लागल्यावर मी ती वाघीण मोजली. एका वाघिणीत साठेक टन माल असतो. म्हणजे ५० किलोची १२०० पोती. टोळी १२ गड्यांची. म्हणजे एका वाघिणीमागे एकेकाच्या पाठीवरून १०० पोती, ५ टन. गाडी खोळंबली तर रेल्वे दंड लावते, म्हणून ती रात्रीतच रिकामी करायची. एक झाली की दुसरी. फलाटावरून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात, गोदामात थप्पीवर. वाराईचा दर पोत्यावर ठरलेला, त्यामुळे मध्ये थांबणारा मनुष्य आपलेच पैसे कापून थांबे. पाण्याचा नळ स्टेशनाच्या पलीकडच्या टोकाला होता. तिथवर जाऊन यायला जो वेळ लागे त्यात चार पोती होत. आण्णा पाणी पीत नसत. पाणी प्याले की पुन्हा लघवीला जायचे, ती दुसरी खोटी. अख्ख्या रात्रीत ते एक तांब्या पाणी पीत आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

कोरड्या युरियाला वास जवळजवळ नसतोच. आण्णांच्या सदऱ्याला मात्र मुतारीसारखा उग्र वास येई, कारण घामात भिजलेला युरिया अंगावरच कुजून त्याचा अमोनिया होई. मानेवरचे चट्टेही त्याचेच. फुटक्या पोत्यातून युरिया कॉलरच्या आत जाई, घामात विरघळे, आणि ते पाणी पोत्याच्या घासाने सोललेल्या कातडीवर उतरे. धूळ डोळ्यांत गेली की आग होई, नाकात गेली की शिंका आणि खोकला. थंड पाण्याने भरपूर धुतले की हे सगळे दोन दिवसांत बरे होते. युरिया हा काही विखार नव्हे. चावतो, पण कुत्र्याच्या पिलासारखा.

असे मी आज म्हणते. आमच्या घरात मात्र तो विखारच होता, आणि त्याला कारण मी.

मी तेव्हा पाचवीत होते. १९९० किंवा ९१ साल असावे. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे पोती धुण्याचा आठवडा. जुना पडदा काढायचा, नवीन लावायचा, आणि जमले तर दप्तरही नवे. आईने चार पोती माझ्यापुढे टाकली आणि ती रानात गेली. पोत्यांच्या कोपऱ्यांत धरलेल्या युरियाचे खडे होते. त्यातला एक मी घमेल्यातल्या पाण्यात टाकला आणि हाताला एक चमत्कार लागला. पाणी गार झाले! युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो हे मला कुठले ठाऊक असायला? आश्विनातल्या उन्हात, फ्रीज कसा असतो ते न पाहिलेल्या पोरीच्या हाताला गार पाणी लागले, एवढेच खरे. मी खडे फोडून मूठ टाकली, हात बुडवले. आणखी एक मूठ टाकली, कोपरापर्यंत बुडवले. चारी पोत्यांचे कोपरे मी झटकून रिकामे केले. मग मैत्रिणीची हाक आली आणि मी घमेले तसेच ठेवून सागरगोटे खेळायला पळाले.

आजीची शेळी दावणीतून सुटली होती. ती उन्हातून आली आणि ते गार पाणी प्याली.

अर्ध्या तासात तिचे पाय थरथरू लागले. पोट डाव्या अंगाने फुगले, तोंडाला फेस आला. ती भिंतीला धडकत होती, आणि जे ओरडत होती ते शेळीचे ओरडणे नव्हते. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दिवस मावळायच्या आत शेळी गेली. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. माणसे चांगली असून उशिरा येतात त्यांतले ते एक. त्यांनी पोत्यांकडे पाहिले, घमेल्याला हात लावून जिभेला लावला, आणि उंबऱ्यावर बसून आम्हाला समजावून सांगितले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असे जंतू असतात की ते युरिया फोडून त्याचा अमोनिया करतात. थोडा थोडा असला तर त्यापासूनच ते प्रथिने तयार करतात आणि जनावराला ती लागू पडतात. एकदम पुष्कळ आला तर अमोनिया रक्तात शिरतो आणि जनावर तासाभरात मरते. माणसाच्या पोटात हे असे झपाट्याने होत नाही. "लगेच शिरका गार पाण्यातून पाजला असता तर कदाचित वाचली असती," ते म्हणाले. आमच्या घरात शिरका हा पदार्थ नव्हता, तो शब्दही नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी गावात शेतकऱ्यांचा मेळावा झाला. त्यात एका अधिकाऱ्याने १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यातून शिंपडून, तो २१ दिवस हवाबंद झाकून ठेवला तर निकस चारा कसा सकस होतो ते करून दाखविले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मी मागच्या बाजूला उभी होते. माझ्या हाताला कोपरापर्यंत गार लागले.

आजी मला रागावली नाही. "मुकं जनावर. गार लागलं आसंल, प्यालं," एवढेच म्हणाली. पण आण्णा बदलले. त्या दिवसापासून कामावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ते आम्हाला अंगाला हात लावू देईनात. आपण रोज रात्री पाठीवरून वाहून नेतो ती वस्तू रक्तात शिरते आणि एका तासात जीव घेते, एवढाच अर्थ त्यांनी डॉक्टरांच्या बोलण्यातून घेतला. माणसाविषयीचे वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाही. 'येक दिस माझ्याबी रक्तात शिरणार,' असे ते जेवताना सहज म्हणत. पुढच्या वर्षी दाराला पडदा जुन्या लुगड्याचा आला.

आणि २०१६ साली तो शिरला.

पायांवर सूज होती, भूक गेली होती, चालले की दम लागे. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी काम सोडले होते. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. तपासणीचा कागद मी आणला तो इंग्रजीत होता. मी तो चष्मा लावून वाचीत होते, तेवढ्यात आण्णांनी माझ्या खांद्यावरून वाकून त्यातल्या एका ओळीवर वाकडे बोट ठेवले. ती चार इंग्रजी अक्षरे त्यांनी ३६ वर्षे पाठीवरून वाहिली होती. अख्ख्या कागदावर त्यांना वाचता आलेला तो एकच शब्द. त्याच्यापुढे आकडा होता १८०. आणि शेजारी, निरोगी माणसाचा किती असावा तो, १५ ते ४०.

"शिरला," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. पंचवीस वर्षे जे सांगत होते ते खरे ठरल्याचे समाधान होते, असे मला वाटले, आणि त्याचाच मला राग आला.

मिरजेला मोठ्या दवाखान्यात त्यांनी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. "डाक्टरसाहेब, पोत्यातला शिरला न्हवं?" डॉक्टर तरुण होते. ते हसले, पण हसून झाल्यावर खुर्ची पुढे ओढून बसले, हे मी विसरणार नाही. ते म्हणाले, "बाबा, पोत्यातला युरिया कातडीतून किंवा धुळीवाटे रक्तात जाऊन असा आकडा होत नाही. हा तुमचा तुम्हीच बनवलेला आहे." मग त्यांनी सांगितले ते मी पुढे लायब्ररीत बसून ताडून पाहिले. आपण डाळ, दूध, मटण खातो, त्यातल्या प्रथिनांचा निचरा करताना यकृत युरिया तयार करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. प्रत्येक माणूस दिवसाला वीस ते तीस ग्रॅम युरिया बनवतो. वर्षाला साधारण दहा किलो. म्हणजे पाच वर्षांत एक पोते. युरिया पहिल्याने सापडला तोही मूत्रातच, अठराव्या शतकात. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत बनविला, आणि मूत्रपिंडावाचून आपल्याला युरिया करता येतो असे त्याने मोठ्या आनंदाने आपल्या गुरूला कळविले. आज हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायू घेऊन कारखाने तो डोंगरासारखा करतात. अलिबागेजवळ थळला १९८५ पासून होतो. त्या पोत्यातला आणि आपल्या रक्तातला एकच, कणाचाही फरक नाही. करायला मूत्रपिंड लागत नाही. बाहेर काढायला लागते.

आण्णांनी हे सगळे ऐकून घेतले. मग डॉक्टरांनी विचारले, "पाठ दुखते?"

"हमालाची पाठ, सायेब."

"मग काय करता?"

"गोळी."

"कधीपासून?"

आण्णांना सांगता येईना. मी सांगितले. मला आठवते तेव्हापासून. दिवसाला दोन, वाघिणी लागलेल्या असल्या तर चार. मुकादमाच्या खिशात पत्र्याची एक डबी असे. रात्री दोन वाजता गडी वाकू लागले की तो डबी उघडून तंबाखू वाटावी तशा गोळ्या वाटी, फुकट. त्याला सगळे पुण्यवान समजत. मीही समजत होते. त्याच्या पोराच्या लग्नात मी मंगलाष्टके म्हटली आहेत.

डॉक्टर काही वेळ कागदावर पेन टेकवून बसले. ते म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही, तुमचा रक्तदाबही वाढलेला आहे आणि तो किती दिवस होता कोण जाणे. पण अशा वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे, त्याही घाम गाळीत, पाणी न पिता घेतल्या, तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजी शब्द घालून बोलू लागले.

परत येताना एस्टीत आण्णा बराच वेळ गप्प होते. तासगावच्या पुढे आल्यावर म्हणाले, "म्हंजी पोत्यानंच शिरला. वाट येगळी."

मी त्यांना खोडून काढणार होते. पोत्याने पाठ, पाठीने गोळी, गोळीने मूत्रपिंड, मूत्रपिंडाने युरिया. मी मनात ओळ लावून पाहिली आणि गप्प राहिले.

आता आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस असते, सरकारी योजनेतून. चार तास. रक्त एका नळीने बाहेर येते, गाळून दुसऱ्या नळीने आत जाते. पहिल्या दिवशी आण्णांनी यंत्र लावणाऱ्या पोराला विचारले, "ह्ये काय करतंय?" तो म्हणाला, "युरिया काढतंय, आजोबा." आण्णांनी त्या यंत्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "म्हंजी हमालच की!" तेव्हापासून प्रत्येक वेळी सुटताना ते विचारतात, "आज किती उतरवला?" तो पोरगाही हुशार, "दोन वाघिणी, आण्णा," म्हणतो. खरोखर किती उतरतो याचे गणित मी एकदा तिथल्या बाकावर बसून केले. १०० मिलिलिटर रक्तात १८० मिलिग्रॅम. आण्णांच्या अंगात पाणी धरू ३५ लिटर. म्हणजे सगळा मिळून ६३ ग्रॅम. एका मुठीत मावेल. चार तासांत त्यातला निम्म्याहून अधिक निघतो. आण्णांच्या पाठीवरून किती टन गेला ते गणित मी सुरू केले होते, पण पुरे केले नाही.

पाणी आता मोजून प्यायचे, दिवसाला लिटरभर, त्यात चहा आणि आमटी धरून. रात्री त्यांना तहान लागते. उन्हाळ्यात ते ओला पंचा ओठांना लावून बसतात आणि स्टेशनावरच्या त्या नळाच्या गोष्टी सांगतात, जो चार पोती लांब होता.

एक गंमत सांगायची राहिली. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, म्हणून औषधाच्या दुकानातून मी एक मलम आणले. नळीवर काय लिहिले आहे ते वाचून दाखव म्हणाले. मी वाचू लागले आणि मध्येच थांबले. मलमात दहा टक्के युरिया होता. कातडीत ओल धरून ठेवायला तो घालतात. आण्णा एवढे हसले की त्यांना खोकला आला. मलम त्यांनी लावले. टाचा बऱ्या झाल्या.

२०२३ च्या पावसाळ्यात गोदामाचा आताचा मुकादम माझ्याकडे आला. जुन्या मुकादमाचाच मुलगा, मंगलाष्टकांचा तो. त्याच्याजवळ इंग्रजी कागदांची एक चळत होती. युरिया हाताळताना घ्यायच्या काळजीचा फलक गोदामात मराठीतून लावावा असा वरून हुकूम आला होता. "ताई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. येवढं करून द्या." मी शब्दकोश घेऊन तीन रात्री बसले. मी लिहिले, 'डोळ्यांशी संपर्क टाळावा.' टोळीला वाचून दाखविले तर एक म्हातारा हमाल म्हणाला, "बाई, डोळा पोत्यावर नाय ठेवला तर पाय कुठं पडंल?" मी लिहिले, 'धूळ श्वासावाटे घेऊ नये.' दुसरा म्हणाला, "मग श्वास कुठनं घ्यावा त्ये बी लिवा." तिसऱ्यांदा मी त्यांच्याच भाषेत लिहिले. डोळ्यात गेला तर चोळू नका, पंधरा मिनिटे पाणी मारा. नाकातोंडाला कापड बांधा. उघड्या जखमेवर पोते घेऊ नका. काम झाले की आंघोळ करून मगच जेवा. रिकामे पोते धुतलेले पाणी जनावरापुढे ठेवू नका. ही ओळ त्या कागदांत नव्हती. ती मी घातली.

कागद वाचता वाचता मला दोन गोष्टी खटकल्या. एका पानावर लिहिले होते की गोदामात वारे खेळते असावे. दुसऱ्या पानावर, ओल लागू नये म्हणून दमट दिवसांत दारे बंद ठेवावीत. आमच्याकडे आषाढ-श्रावणात दारे बंद असतात. वारा मालाला नको, माणसाला हवा. आणि दार एकच. दुसरी गोष्ट अशी की ब्लीचिंग पावडरीजवळ युरिया ठेवू नये, दोघांचा ओला संयोग झाला तर आपोआप स्फोट होऊ शकेल असा पदार्थ तयार होतो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी मुकादमाला विचारले, तर गावात पाणी शुद्ध करायला आणलेल्या ब्लीचिंग पावडरीची पिंपे पावसाळाभर त्याच गोदामाच्या कोपऱ्यात होती. छप्पर तिथेच गळत होते. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच संध्याकाळी पिंपे हलली. हे एवढे काम तरी माझ्या लेखनाने झाले. कादंबऱ्यांविषयी मला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

त्या चळतीत ओझ्याविषयी मात्र एक शब्द नव्हता. कागद रसायनाचे होते, पाठीचे नव्हते. विरघळलेल्या युरियाने फरशी बुळबुळीत होते, त्यावरून घसरून किती गडी पडले, आणि खालचे थर धरून वाकडे झाल्यामुळे थप्पी कोसळली तेव्हा आण्णांच्या जोडीदाराचा पाय कसा गेला, हे कुठल्या पानावर लिहिणार? शंभर किलोची पोती पूर्वी माणसे उचलीत. पुण्याला बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत माथाडींनी पुष्कळ झगडा केला, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. आमच्या टोळीची नोंद कुठल्या मंडळात नव्हती. त्या कायद्याचे नावही मला पुस्तकात भेटले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने ५५ किलोंहून अधिक उचलू नये अशी शिफारस केली. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोंचे झाले. ते पिकाला खत कमी पडावे म्हणून केले, पाठीसाठी नव्हे. पण आण्णांना मी सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "शंभर पोत्यांमागं माझा अर्धा टन वाचला आस्ता."

मसुदा मी आण्णांना वाचून दाखविला. ते कॉटवर पडले होते, आदल्या दिवशीच यंत्रावरून आले होते. सगळा ऐकून घेतला. "चांगलं हाय," म्हणाले, "पण पाणी प्या आसं न्हाई लिवलं."

मी लिहिले, 'दर तासाला पाणी प्या.'

"आन् गोळी."

मी लिहिले, 'पाठ दुखली तर गोळी घेऊ नका. डॉक्टरला दाखवा.'

"तसं नको. डाक्टर कोण बघतंय. 'गोळी नको, गडी वाढवा,' आसं लिव."

मी तसे लिहिले. मुकादमाने मसुदा वाचला, पाण्याच्या ओळीला मान हलविली आणि गोदामात मातीचा माठ ठेवण्याचे कबूल केले, ठेवलाही. शेवटच्या ओळीवर मात्र त्याचे बोट थांबले. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याच्या वडिलांच्या खिशातली ती डबी आम्हा दोघांनाही दिसत होती. मग त्याने कागदाची घडी घातली. "बघतो ताई, पत्र्यावर जागा किती उरते."

जागा उरली नाही. फलक पिवळ्या पत्र्यावर तांबड्या रंगाने चांगला रंगविलेला आहे, ऱ्हस्वदीर्घसुद्धा बरोबर आहे. मागच्या आठवड्यात दिवाळीसाठी खोळीला पोते मागायला गेले होते तेव्हा पाहिला. आता सगळ्या पोत्यांवर एकच नाव असते, 'भारत युरिया', आणि निंबाचा लेप असल्यामुळे पोत्याला किंचित कडवट वास येतो. फलक दाराच्या आतल्या बाजूला ठोकला आहे. दार उघडले की तो भिंतीला लागतो, आणि काम चालू असते तोवर दार उघडेच असते. मी दार थोडे पुढे ओढून तो पुन्हा एकदा वाचला, तेवढ्यात पाठीवर पोते घेतलेला एक पोरगा आत येऊ लागला, म्हणून दार सोडून मी बाजूला झाले.